फाटकावरच्या चुली

दहिवलीच्या श्रीपत धर्माजी ओव्हाळाला चेहरे लक्षात राहत नसत. बाजारात कोणी हटकलं की तो हसायचा, मान हलवायचा आणि मनात चाचपडत राहायचा, हा बाबा कोण. पण त्याच माणसानं खिशातून कारखान्याचा बिल्ला काढला की त्याचं नाव, गाव, खातं आणि पाळी श्रीपत घडाघडा सांगायचा. त्याची बायको येसूबाई चारचौघांत म्हणायची, "मला बघाय आलं तवा माज्या गळ्यात बिल्ला नव्हता. कुनाला बघून गेलं ते त्यांनाच ठाव."

कारखाना पुठ्ठ्याचा. शिळफाट्याच्या अलीकडे होता. भाताचा पेंढा चुन्याच्या पाण्यात शिजवायचा, दळायचा, लाटायचा आणि त्याचा जाड पिवळा पुठ्ठा काढायचा. वास असा, की नवा माणूस पहिला आठवडा जेवत नसे. मालक दोनदा बदलले, पाटी दोनदा रंगली, तेव्हा नावात काही अर्थ नाही. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला श्रीपत एकसष्ट साली तिथं फाटकावर कारकून म्हणून लागला. सकाळी कर्जतहून खोपोलीची गाडी धरायची, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. त्याची थोरली बहीण गंगाबाई दहिवलीतच दोन आळ्या पलीकडे दिलेली. तिचा नवरा दामू त्याच कारखान्यात भट्टीवर होता. मेहुणे-मेहुणे जोडीनं जायचे. दामू बोलायचा, श्रीपत ऐकायचा. दोघांनाही ते मानवत होतं.

फाटकावरचं काम सांगायला सोपं. आत पाच ठिकाणं: पेंढ्याचं आवार, भट्ट्या, मशीनघर, गोदाम आणि ऑफिस. बाहेर चारशे माणसं. कोणी कुठं जायचं, कुठं नाही, हे फाटकावर ठरायचं. भट्टीच्या माणसाला मशीनघरात जायचं नाही, आवारातल्या बायकांना भट्टीकडे फिरकायचं नाही. पाच ठिकाणांचे पाच तक्ते आणि प्रत्येकावर परवानगी असलेले नंबर ओळीनं. एक माणूस इकडचा तिकडे झाला की पाचही तक्ते खोडायचे. माणसं रोज इकडची तिकडे होत. पाच वर्षांत ते तक्ते खोडून खोडून गोधडीसारखे झाले आणि सकाळची रांग मुख्य रस्त्यापर्यंत पोचू लागली.

लेबर ऑफिसर कारखानीस. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. रांगेमुळे त्याच्या गाडीला आत शिरता येईना तेव्हा तो वैतागून म्हणाला, "श्रीपत, याचं काहीतरी कर. चारशे माणसं म्हणजे काही पानिपत नव्हे."

श्रीपतनं जे केलं ते त्याला बापाकडून सुचलं. धर्माजीनं तरुणपणी गावकीची कामं केली होती. लग्नाचं आवतण द्यायला लग्नघरचा यजमान निघाला की धर्माजी पुढे चालायचा, कारण कुठल्या घरात किती चुली हे त्यालाच पाठ. यजमान उंबऱ्यात उभा राहून सांगायचा "चूलबंद", नाहीतर "घरटी एक". चूलबंद म्हणजे त्या चुलीवर जेवणारे सगळे. त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. घरटी एक म्हणजे एकच माणूस. माणसांची नावं कोणी घेत नसे. मधल्या काळात त्या घरात सून आली, तरी तिला वेगळं बोलवावं लागत नसे. ती त्या चुलीची झाली, आवतण तिलाही लागू. आणि ज्या चुलीला आवतण नाही, तिचा माणूस मांडवात आला तर धर्माजी लांबूनच ओळखायचा. स्वतः धर्माजी मात्र प्रत्येक उंबऱ्याच्या बाहेर उभा असायचा आणि जेवण सगळ्यांच्या शेवटी, तेही बाहेर. छप्पन्न साली धर्मांतर झालं आणि त्यानं गावकीची काठी ठेवून दिली. पुढची दोन वर्षं गावात आवतणांचा असा गोंधळ झाला, की दोन सोयरिकी मोडता मोडता राहिल्या. ही गोष्ट धर्माजी म्हातारपणी खुदखुदत सांगायचा.

तर श्रीपतनं कारखान्यात चुली मांडल्या. एकेका टोळीची एक लाकडी फळी. फळीवर ऑइलपेंटनं चुलीचा क्रमांक आणि परवानगी: "चूल ६. भट्टी. आत." खाली खडूनं माणसांचे नंबर. माणूस बदलला की एका फळीवरून पुसायचा, दुसऱ्या फळीवर लिहायचा, संपलं. परवानगीला हात लावायचा नाही. सुतारानं प्रत्येक फळीला वर दोन कड्या आणि खाली दोन लोखंडी आकडे लावून दिले, त्यामुळे फळ्या एकीखाली एक साखळीसारख्या लटकायच्या. नवी फळी आली की शेवटच्या आकड्यांना अडकवायची. सगळ्यांत खाली, भिंतीवरच, काळ्या रंगात कायमचं लिहिलेलं: "बाकी कोणालाही प्रवेश नाही."

हे शेवटचं वाक्य श्रीपतनं स्वतः रंगवलं. धर्माजीला कोणीतरी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "रंग बाकी चांगला लाव. ते पुसलं जात नाय सहजी." एवढंच. श्रीपतनं रंगाचे दोन हात दिले.

रांग पंधरा दिवसांत निम्म्यावर आली. "चुली" हा शब्द ऑफिसातसुद्धा रुळला. दिवाळीत गोदामाची मोजदाद असली की कारखानीस फोनवरून सांगायचा, "दोन, तीन आणि पाचच्या चुली गोदामात सोड," आणि शंभर माणसांचा हुकूम एका वाक्यात व्हायचा.

पहिला घोळ झाला अडुसष्टच्या श्रावणात. कोंडाण्याच्या बायकांची टोळी पेंढा उतरवायला यायची. त्यांचे नंबर चौथ्या फळीवर होते: आवार, आत. पावसाळ्यात आवाराचं काम मंदावलं की त्यांतल्या बारा जणींना घरी बसवत आणि त्यांचे नंबर नवव्या फळीवर लिहीत: "काम बंद. बाहेर." काम निघालं, बायकांना बोलावणं गेलं, पण नवव्या फळीवरचे नंबर पुसायला कोणी सांगितलं नाही. फाटकावर नागू हवालदार होता, फौजेतून आलेला, लिहिलेलं अक्षर म्हणजे ब्रह्मवाक्य मानणारा. त्यानं सगळ्या फळ्या वाचल्या आणि बाराजणींना अडवलं.

सुंदरा नावाची बाई पुढे झाली. डोक्यावर इरलं, कमरेवर हात. "हवालदार, वरती आत म्हनलंय, खाली भाईर म्हनलंय. मी काय मधी लटकू?"

"दोन्ही लिवलंय. मी काय करू?" नागू म्हणाला.

"मंग अर्धी घ्या आत!"

मागे हशा पिकला, पण दोन ट्रक पेंढा तासभर पावसात उभा राहिला आणि भिजला. कारखानीस छत्री विसरून धावत आला. श्रीपत म्हणाला, "साहेब, एक माणूस एकाच चुलीचा पायजे. दुसरीकडं लिवलं की पयलीकडचं पुसाय लागतं. तसा नियम करू."

"नियम मी करतो," असं म्हणून कारखानीसनं तिथंच, ओल्या बाहीनं, कागद घेतला आणि लिहिलं: फळ्या वरून खाली वाचाव्यात. ज्या फळीवर नंबर पहिल्यांदा सापडेल, ती फळी अंतिम. त्याखालच्या फळ्या पाहू नयेत. खाली लफ्फेदार सही. नागूनं तो कागद चौकट करवून केबिनीत टांगला आणि रोज सकाळी फडक्यानं पुसू लागला. त्या दिवसापासून नवव्या फळीला काही अर्थच उरला नाही, कारण तिथला नंबर आधी वरच्या फळीवर सापडायचाच. हे श्रीपतच्या ध्यानात आलं. रोजच्या अदलाबदलीत तो न सांगता आधीचा नंबर पुसायचा, मगच दुसरीकडे लिहायचा आणि कोणालाही काही जाणवू द्यायचा नाही. साहेबाचा खास हुकूम आला की मात्र तो न चुकता विचारायचा, "साहेब, आधीच्या चुलीतनं पुसू ना?" आणि कारखानीस न बघता म्हणायचा, "पूस, पूस." सहा वर्षं हे असं चाललं.

चौऱ्याहत्तर साली संप झाला. भट्टीवर दोन माणसं असायची. झाकण उघडताना वाफ अंगावर यायची, म्हणून तिसरा माणूस द्या ही मागणी. दामूच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत जुना डाग होता, तो भाषणात बाही वर करून दाखवायचा. एकोणीस दिवस कारखाना बंद राहिला. श्रीपत फाटकाचा माणूस, मालकाच्या बाजूचा धरलेला. तो रोज कामावर जायचा आणि रिकाम्या फाटकावर बसायचा. सभांसाठी दामूही त्याच गाडीला असायचा, पण बोलेनासा झाला होता.

शेवटी तडजोड झाली. तिसरा माणूस मिळाला. कलम असं पडलं: येत्या सोमवारी सकाळी सातच्या भोंग्याला जो हजर, तो कामावर राहिला, जो हजर नाही, त्यानं आपणहून नोकरी सोडली असं धरलं जाईल. कागदावर सगळं सरळ दिसत होतं.

रविवारी दुपारी कारखानीस फाटकावर आला. हातात चिठ्ठी. चिठ्ठीवर एकवीस नंबर.

"नवी फळी कर. चूल बारा. 'प्रवेश नाही.' हे नंबर. उद्या सातला हे फाटकाच्या बाहेर राहिले पाहिजेत."

श्रीपतनं चिठ्ठी घेतली. चेहरे त्याला आठवत नसत, पण नंबर वाचताना एकेक घर डोळ्यांपुढे आलं. तेरावा नंबर २१४. दामू. मागणी मान्य करायची, आणि ती मागणाऱ्या एकवीस जणांना फाटकात अडवून गैरहजर ठरवायचं. मालकाची ही हिकमत समजायला फार शिक्षण लागत नव्हतं.

"साहेब, हे सगळे येनार हाईत उद्या," श्रीपत म्हणाला.

"येऊ देत की. आत येता कामा नयेत." कारखानीस त्याच्याकडे न बघता बोलत होता. हे काम त्यालाही आवडलेलं नव्हतं, म्हणूनच ते त्याला लवकर उरकायचं होतं.

सुताराकडे एक कोरी फळी पडलेली असायची. श्रीपतनं ती आणली, रंगवली, वाळल्यावर खडूनं एकवीस नंबर काढले. अक्षर नेहमीसारखं, छापल्यागत. मग फळी दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला. आता त्याला दोन प्रश्न विचारायचे होते. एक, कुठं लावू. दुसरा, आधीच्या चुलींतनं पुसू ना. दुसरा प्रश्न विचारला असता तर कारखानीस "पूस, पूस" म्हणाला असता आणि एकवीस घरं उठली असती. न विचारता पुसलं असतं तरी तेच. सहा वर्षांत त्यानं हा प्रश्न एकदाही चुकवला नव्हता.

"कुठं लावू, साहेब?" त्यानं विचारलं.

"कुठं म्हणजे? बोर्डावर!"

"बोर्डावर कुठं?"

"अरे, नेहमी लावतोस तिथं. मला पुण्याला जायचंय, श्रीपत. उद्या साडेआठला येतो."

नेहमी लावायचा तिथं, म्हणजे सगळ्यांत खाली, अकराव्या फळीच्या आकड्यांना. श्रीपतनं फळी तिथं अडकवली. कारखानीसनं पाहिली, मान हलवली, गाडीत बसला. दुसरा प्रश्न श्रीपतच्या तोंडातच राहिला.

घरी आल्यावर येसूबाईनं विचारलं, "उद्या घेत्याल ना दाजींना आत?" श्रीपत म्हणाला, "नागू वाचंल तसं व्हईल." तिला वाटलं, याला काही पडलेली नाही. तिनं ताट जरा जोरातच ठेवलं.

सोमवारी पावणेसातला रांग लागली. एकोणीस दिवसांनंतरची, म्हणून सगळे अंघोळ करून, कपडे धुऊन आलेले. श्रीपत केबिनीत हजेरीच्या वहीवर, नागू फळ्यांपुढे. माणूस बिल्ला दाखवायचा, नागू वरून खाली नजर टाकायचा, सापडला की ओरडायचा. चिठ्ठीतले बारा जण असेच पार झाले. कोणी खाली बघितलं नाही. मग दामू आला, आणि दामूनं बघितलं.

"दोनशे चौदा," नागू म्हणाला. "चूल सहा. भट्टी. आत."

दामू हलला नाही. "आन् ते खाली काय लिवलंय?"

"पुढं व्हा."

"खाली माजा नंबर हाय! प्रवेश नाय म्हनलंय!" त्यानं मागे वळून रांगेला दाखवलं. "बघा रं! ह्यांनी आपल्याला भाईर काढायची फळी करून ठिवलीय! आन् ह्ये अक्षर कुनाचं हाय, ठाव हाय? माज्या मेव्हन्याचं!"

केबिनीच्या खिडकीतून श्रीपतचं तोंड दिसत होतं. त्याची लेखणी थांबली. सातला सहा मिनिटं होती. एका शब्दानं सगळं घालवायला दामू अगदी तयार होता.

"श्रीपत, भाईर ये! सांग लोकांना, कुनी लिवलंय ते!"

"मीच लिवलंय, दाजी," श्रीपत आतूनच म्हणाला.

"ऐकलंत? मीच लिवलंय म्हनतोय! लाज हाय का रं तुला? बहिनीच्या घरावर फळी मारलीस!"

नागूनं काठी आपटली. "खालचं वाचायचा हुकूम नाय." त्यानं चौकटीकडे बोट केलं. "साहेबाची सही हाय. तुमी सहाव्या चुलीवर सापडलाव, खेळ खल्लास. आत व्हा, लायन थांबलीय."

"पन खाली—"

"खाली बघायचं असंल तर संध्याकाळी सुटल्यावर बघा! आत!" आणि फौजेतल्या हातानं त्यानं दामूला फाटकातून असा ढकलला, की तो चार पावलं भट्टीकडे चालूनच गेला. मागच्या आठ जणांचेही बिल्ले पटापट वाचले गेले. भोंगा झाला. श्रीपतनं हजेरी पुरी करून शाईची रेघ मारली.

साडेआठला कारखानीस आला. भट्टीचा धूर बघून त्याला बरं वाटलं. मग त्यानं वही मागितली.

"हे एकवीस आत?"

"एकवीसच्या एकवीस, साहेब."

"नागू!"

नागू सलाम ठोकून उभा राहिला आणि काही न विचारता चौकटीतला कागद मोठ्यानं वाचून दाखवला, सहीसकट. कारखानीसनं फळ्या वरपासून खालपर्यंत वाचल्या, पहिल्यांदाच. बाराव्या फळीशी त्याला वाकावं लागलं. सरळ झाल्यावर तो बराच वेळ रुमालानं चष्मा पुसत राहिला.

"तू मला विचारलंस, कुठं लावू."

"व्हय, साहेब."

"पुसू का, हे नाही विचारलंस. दरवेळी विचारतोस."

"नाय विचारलं, साहेब."

यापुढे विचारायचं तर कारखानीसला स्वतःच्या सहीपाशी यावं लागत होतं. तो आला नाही. आठवड्याभरात श्रीपतची बदली पेंढ्याच्या आवारात झाली, ट्रक मोजायला. कारणाची जागा कोरी होती. फाटकावर दुसरा कारकून आला आणि त्यानं पहिल्याच महिन्यात पाच चुली एकमेकींत मिसळून टाकल्या.

मालक मात्र गप्प बसला नाही. एकवीस जण फसवणुकीनं आत शिरले, त्यांची हजेरी धरू नये, असा त्यानं लेबर कोर्टात दावा लावला. त्यात एकच गोष्ट सिद्ध व्हायला हवी होती: फळी कोणीतरी जाणूनबुजून तिथं लावली. मालकाच्या वकिलानं श्रीपतला दोनदा बोलावलं. श्रीपतनं दोन्ही वेळा एकच उत्तर दिलं, साहेबांनी नेहमीच्या जागी लाव म्हणून सांगितलं, मी नेहमीच्या जागी लावली. यात शब्दभर खोटं नव्हतं.

दामूनं आपली गोष्ट केव्हाच पक्की केली होती. मेव्हण्यानं फळी मारली, पण कामगारांची एकजूट बघून फाटक उघडावं लागलं. शिळफाट्याच्या चहाच्या दुकानात तो ही गोष्ट सांगायचा आणि दरवेळी ती जराशी वाढायची. गाडीत तो आता पुढच्या डब्यात बसायचा.

पंचाहत्तरच्या वैशाखात दामूच्या लेकीचं, जनाचं लग्न निघालं. श्रीपत तिचा सख्खा मामा. एका संध्याकाळी दामूचा चुलतभाऊ जैतू अंगणात येऊन उभा राहिला. पायातल्या वहाणेकडे बघत म्हणाला, "रविवारी लगीन. घरटी एक."

येसूबाई भांडी घासत होती. ती राखेच्या हातानं उठली. "काय म्हनलात?"

"मला जे सांगाय लावलं त्ये सांगितलं, वहिनी," जैतू म्हणाला आणि निघालाच.

येसूबाईनं नवऱ्याला धरलं. तोवर इकडून तिकडून, सुंदराच्या तोंडून, नागूच्या तोंडून, तिला फळीच्या गोष्टीचा सुगावा लागला होता. "मामाला घरटी एक? त्यांच्या घरची चूल पेटती ती तुमच्यामुळं! जावा आन् सांगा. नायतर मी सांगते."

"सांगू नको."

"का म्हनून?"

"दाजींना सांगनं म्हंजी शिळफाट्यावर भोंगा वाजवनं. चा पिता पिता बोलून जातील. वकिलाला तेवढंच पायजे. मंग एकवीस घरं."

"आन् तुमची इज्जत?"

"ट्रक मोजायला इज्जत लागत नाय," श्रीपत म्हणाला. हा विनोद होता की काय, हे येसूबाईला कळलं नाही.

रविवारी घरटी एक म्हणून तीच गेली. नवं लुगडं नेसली, जनासाठी घेतलेलं पातळ पिशवीत घातलं. गंगाबाईनं भाऊ कुठं म्हणून डोळ्यांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आवतण एकाचं हाय, वन्सं." मांडवात मामाच्या जागी जैतू उभा राहिला.

श्रीपतनं घरी चूल पेटवली. भात टाकला, सुकट भाजली. ओट्यावर धर्माजी बसला होता. ऐंशीच्या पुढचा, डोळ्यांना कमी दिसायचं, पण धुराचा वास बरोबर यायचा.

"आज चूल कशी पेटली रं? जनाचं लगीन ना?"

"घरटी एकाचं आवतण हाय, बाबा. ती गेली."

आयुष्यभर म्हाताऱ्यानं सगळ्या गावाची आवतणं पाठ केली होती. मामाच्या चुलीला घरटी एक हे त्यात कुठंच बसत नव्हतं. "चुकलं असंल. जैतूला पाठांतर नाय. जाऊन इचारून ये."

"चुकलं नाय, बाबा. बरोबर सांगितलं त्यानं."

धर्माजीनं मुलाच्या आवाजाच्या दिशेनं तोंड केलं, काहीतरी विचारायचं ठरवलं, आणि विचारलं नाही. श्रीपतनं दोन ताटं वाढली. पलीकडच्या आळीतून जेवणाच्या पंक्तीचा गलका ऐकू येत होता.

"सुकट जळालीय," धर्माजी म्हणाला.

"थोडी," श्रीपत म्हणाला आणि म्हाताऱ्याच्या ताटातले काळे तुकडे निवडून आपल्या ताटात घेतले.